आयर्विन पुलामागचे घराणे

हातकणंगल्याहून सांगलीला गेलो की कृष्णेवरचा आयर्विन पूल पाहतोच. १९२९ साली व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते तो खुला झाला. जन्मतःच त्यांच्या डाव्या हाताला पंजा नव्हता. तीन थोरले भाऊ लहानपणीच वारले, म्हणून १९३४ मध्ये वडिलांची हॅलिफॅक्स ही पदवी त्यांच्याकडे आली.

आजोबा चार्ल्स वूड. त्यांच्या १८५४ च्या खलित्याने देशी भाषांतल्या शाळांना आणि मुलींच्या शिक्षणाला बळ दिले. नातवाने ५ मार्च १९३१ रोजी गांधीजींशी करार केला, पण भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांची फाशी रद्द केली नाही. २३ मार्चला तिघे गेले.

मराठी शाळेत शिकलेला मी मुसलमान. आजोबांचे देणे मानतो. पुलावर मात्र राजगुरूच आठवतात. पदवी वारशाने मिळते, लोकांच्या मनातली जागा नाही.