मोजले तेव्हाच बदलले: मॅनेजमेंट ट्रेनीचा इतिहास आणि आपला वाटा

मोठ्या कंपनीच्या मार्केटिंग विभागात शिरण्याचे दोन रस्ते आहेत. पहिला रस्ता सेल्समनचा. दुचाकीवरून रोज दुकाने फिरायची, ऑर्डर घ्यायची, वसुली करायची आणि महिनाअखेरीस टार्गेटचा हिशेब द्यायचा. दुसरा रस्ता मॅनेजमेंट ट्रेनीचा. या रस्त्याने आलेला पदवीधरही काही महिने दुकाने फिरतो, पण तिथे राहत नाही. पुढचे काही महिने तो ब्रँड सांभाळणाऱ्यांसोबत बसतो, मग मार्केट रिसर्च, मग जाहिरात आणि जनसंपर्क. याला 'रोटेशन' म्हणतात. वर्ष-दीड वर्षाने तो जेव्हा पक्का होतो तेव्हा कंपनीतली सगळी दालने त्याने आतून पाहिलेली असतात आणि त्या दालनांतली मोठी माणसे त्याला नावाने ओळखत असतात.

दोघेही एकाच दुकानदाराशी बोलतात, एकच साबण विकतात. पण एकासाठी ते दुकान म्हणजे आयुष्यभराची नोकरी असते आणि दुसऱ्यासाठी चार महिन्यांचा धडा. आमच्या वस्त्यांमधली पदवीधर मुले बहुतेक पहिल्या रस्त्यावर दिसतात. ती कमी शिकलेली आहेत म्हणून असे होते, हे उत्तर आम्हाला मान्य नाही. हे कसे घडले हे समजून घ्यायचे तर इतिहासात जावे लागेल.

बडोदा, १९१७

शिकलेल्या तरुणाला शिकाऊ अधिकारी म्हणून घ्यायचे, कामाचा अनुभव द्यायचा आणि पुढे वरच्या पदावर बसवायचे, ही कल्पना आपल्या चळवळीला परकी नाही. खुद्द बाबासाहेब या वाटेने गेले होते. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली अमेरिकेला गेले. बदल्यात दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. कोलंबिया विद्यापीठाची एम.ए. मिळवून, लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून ते १९१७ साली बडोद्यात हजर झाले. त्यांना पुढे अर्थमंत्री करावे असा महाराजांचा विचार होता, असे चरित्रकार धनंजय कीर सांगतात. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे की अकाउंटंट जनरलच्या कचेरीत त्यांची नेमणूक प्रोबेशनर, म्हणजे शिकाऊ अधिकारी म्हणून झाली होती.

मालकाची इच्छा होती, उमेदवाराची पात्रता वादातीत होती, योजनाही ठरलेली होती. तरीही ती अकरा दिवसांत मोडली. शहरात राहायला खोली मिळेना म्हणून बाबासाहेब एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारशांच्या टोळक्याने त्यांना तिथून बाहेर काढले. त्यांनी कामाठी बागेत बसून वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर लांबून कागद फेकत, हेही चरित्रकारांनी नोंदवले आहे.

एका राजाच्या चांगुलपणावर उभी असलेली संधी किती तकलादू असते, हे बडोद्याने शिकवले. वरून हुकूम आला तरी कचेरी, शिपाई, घरमालक आणि शहर आपापली जात सोडत नाहीत. म्हणूनच पुढे बाबासाहेब कोणाच्या कृपेवर विसंबले नाहीत. त्यांनी प्रतिनिधित्व मागितले, संख्येत मागितले आणि कायद्यात लिहून घेतले.

मुंबई, १९३७ ते १९६१

आता दुसरी गोष्ट पाहू. ब्रिटिश काळात परदेशी कंपन्यांत 'कव्हेनंटेड' अधिकाऱ्यांचा एक वरचा वर्ग असे. करारावर नेमलेले, मोठ्या पगाराचे हे अधिकारी जवळजवळ सगळे युरोपीय. भारतीय माणूस कारकून होई, विक्रेता होई, पण त्या वर्गात त्याला क्वचितच प्रवेश मिळे.

१९३७ साली प्रकाश टंडन हे तरुण सनदी लेखापाल मुंबईत युनिलिव्हरच्या नोकरीत आले. कव्हेनंटेड पदावर आलेल्या पहिल्या काही भारतीयांपैकी ते एक. वडील पंजाबच्या पाटबंधारे खात्यात अभियंता, स्वतःचे शिक्षण मँचेस्टरला. टंडन यांची गुणवत्ता खरीच होती. पण वरच्या पदांवर भारतीय माणसे बसली ती केवळ एकेकाच्या गुणवत्तेने नव्हे. कंपनी आपल्या इतिहासात स्वतःच सांगते की १९४२ साली युनिलिव्हरने पक्के ठरवले: युरोपियनांच्या जागा घेण्यासाठी भारतीयांना तयार करायचे. १९५१ साली टंडन पहिले भारतीय संचालक झाले. १९५५ पर्यंत ६५ टक्के व्यवस्थापक भारतीय होते. १९६१ साली टंडन हिंदुस्थान लिव्हरचे पहिले भारतीय अध्यक्ष झाले, तेव्हा २०५ व्यवस्थापकांपैकी १९१ भारतीय होते.

हे आकडे आपल्या कार्यकर्त्यांनी पाठ करून ठेवावेत. खाजगी क्षेत्रातल्या प्रतिनिधित्वाचा विषय निघाला की समोरून ठरलेले उत्तर येते: गुणवत्ता मोजता येते, माणसांची पार्श्वभूमी मोजू नये, संख्या ठरवली की दर्जा घसरतो. मग १९४२ साली काय झाले होते? एका खाजगी कंपनीने ठरवले की अमुक समूहाची माणसे वर आली पाहिजेत. तिने त्यांना भरती केले, शिकवले, आणि किती झाली ते मोजले. एकोणीस वर्षांत चित्र पालटले. कंपनी बुडाली नाही, उलट देशातल्या सर्वात मोठ्या कंपन्यांत गणली गेली. तिथल्या प्रशिक्षणाला उद्योगजगतात आजही मान आहे.

याला कोणी आरक्षण म्हटले नाही. 'भारतीयीकरण' म्हटले. नाव गोड होते म्हणून कोणाचा दर्जा घसरला नाही!

काय मोजले नाही

१९१ भारतीयांपैकी अस्पृश्य समाजातले किती, आदिवासी किती, हा प्रश्न त्या हिशेबात नव्हता. राष्ट्र मोजले, जात मोजली नाही. आणि जे मोजले नाही ते जसेच्या तसे राहिले.

याच काळात उच्च व्यवस्थापनाची शिडी उभी राहत होती. १९५६ साली जे.आर.डी. टाटांनी टाटा अॅडमिनिस्ट्रेटिव्ह सर्व्हिस सुरू केली. निवडक तरुण घेऊन त्यांना समूहाच्या वेगवेगळ्या कंपन्यांत फिरवून घडवायचे, हा तिचा गाभा. १९६१ साली कोलकाता आणि अहमदाबाद इथे आयआयएम निघाल्या. संस्था आणि कंपन्या यांची साखळी जुळली. ज्याच्या घरी इंग्रजी आधीच होते, ज्याचे काका-मामा आधीच हापिसात होते, त्याला ही साखळी सहज हाती लागली.

सरकारी सेवेतही हीच फिरती पद्धत आहे. आयएएसचा प्रोबेशनर मसुरीहून जिल्ह्यात जातो, तलाठ्याच्या दप्तरापासून जिल्हाधिकाऱ्याच्या दालनापर्यंत सगळे टप्पे शिकतो. तिथे संविधानाच्या कलम १६(४) मुळे आपली मुले-मुली त्या रोटेशनमध्ये आहेत. त्यांनी जिल्हे चालवले, खाती चालवली. म्हणजे अडचण आपल्या माणसांच्या शिकण्यात नाही. एका ठिकाणी दार कायद्याने उघडे आहे, दुसऱ्या ठिकाणी ते मुलाखत घेणाऱ्याच्या मर्जीवर आहे, एवढाच फरक.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. खाजगी उद्योगात प्रशिक्षणाच्या जागा राखीव ठेवण्याचा कायदा या देशात आहेच. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात १९७३ साली कलम ३-अ आले आणि नेमून दिलेल्या ट्रेड्समध्ये अनुसूचित जाती-जमातींसाठी शिकाऊ जागा राखून ठेवण्याची तरतूद झाली. फिटर, वेल्डर, टर्नर शिकवताना खाजगी मालकाने जात लक्षात घ्यावी, हे संसदेला योग्य वाटले. पण उद्याचा ब्रँड मॅनेजर शिकवताना मात्र जात विचारणे म्हणजे गुणवत्तेचा अपमान! जात नुसती कामे वाटत नाही, कामकऱ्यांची उतरंड लावते, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'जातिप्रथेचे विध्वंसन' मध्ये दाखवले होते. ही उतरंड कारखान्याच्या गेटवर थांबत नाही, ती लिफ्टने वर जाते.

आडनाव आणि 'फॅमिली बॅकग्राऊंड'

पुरावा मागणाऱ्यांसाठी पुरावाही आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी वर्तमानपत्रांतल्या खाजगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखी ठेवली, फक्त नावे बदलली: सवर्ण हिंदू, दलित, मुस्लिम. दलित नावाच्या अर्जाला पुढच्या फेरीचे बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या सुमारे दोन-तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाची तर एक-तृतीयांश. हा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी मनुष्यबळ अधिकाऱ्यांच्या मुलाखतींवरून दाखवले की 'आम्ही फक्त मेरिट पाहतो' म्हणणारे हेच अधिकारी उमेदवाराला घरच्यांबद्दल, कौटुंबिक पार्श्वभूमीबद्दल आवर्जून विचारतात. २०१२ साली देशातल्या १००० मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांचा अभ्यास झाला. सुमारे ९३ टक्के संचालक उच्चजातीय आणि अनुसूचित जाती-जमातींचे ३.५ टक्के.

सेल्समनच्या मुलाखतीत गाडी आहे का, लायसन्स आहे का, हे विचारतात. ट्रेनीच्या मुलाखतीत वडील काय करतात, सुट्टीत कुठे जाता, काय वाचता, हे विचारतात. दुसऱ्या प्रश्नांची उत्तरे घरातून येतात, विद्यापीठातून नाही.

हाच विभाग का महत्त्वाचा

कोणी म्हणेल, साबण-शाम्पूच्या जाहिरातीत आपले काय अडले आहे? आमचे म्हणणे असे की मार्केटिंग आणि कम्युनिकेशन म्हणजे समाजाशी कोण बोलणार हे ठरवण्याचे खाते. जाहिरातीतले सुंदर घर कोणाचे, गोरेपणाला भाव कोणाचा, कोणत्या वर्तमानपत्राला जाहिरात द्यायची आणि कोणत्या चॅनेलला पैसा, हे तिथे ठरते. माध्यमे जाहिरातींवर जगतात, त्यामुळे माध्यमांची मानही तिथेच अडकलेली असते.

आपल्या चळवळीला हे १९२० पासून माहीत आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले. शाहू महाराजांनी त्यासाठी २,५०० रुपयांची मदत केली. पण 'केसरी'ने 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही छापायला नकार दिला, ही नोंद बाबासाहेबांनीच केली आहे. जाहिरातीची जागा विकाऊ असली तरी ती कोणालाही विकली जात नाही, हा धडा शंभर वर्षांपूर्वीचा आहे. त्यावर बाबासाहेबांनी 'बहिष्कृत भारत', 'जनता', 'प्रबुद्ध भारत' अशी पत्रांची परंपरा उभी केली. ती परंपरा आपण चालवूच. पण दुसऱ्याच्या पत्रात आपली जाहिरात नाकारणारा हात जिथे घडतो, त्या दालनातही आपली माणसे हवीत.

मागणी काय करायची

२००६ साली केंद्राने खाजगी आरक्षणाचा विषय काढला तेव्हा उद्योग संघटनांनी कायदा नको, आम्ही स्वेच्छेने करू असे सांगितले. शिष्यवृत्त्या, कोचिंग, उद्योजकता यांच्या याद्या आल्या. शिष्यवृत्ती मिळाली, हे चांगलेच झाले. पण शिष्यवृत्ती दारापर्यंत नेते, दार उघडत नाही.

म्हणून आमच्या मते मागणी नेमकी असावी. शेअर बाजारातल्या वरच्या १००० कंपन्यांना २०२२-२३ पासून सेबीकडे सामाजिक जबाबदारीचा अहवाल द्यावा लागतो. त्यात महिला किती, दिव्यांग किती, हे आकडे असतात. त्यात अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी असे रकाने वाढवा आणि मॅनेजमेंट ट्रेनींची भरती वेगळी दाखवा. शिकाऊ उमेदवार कायद्यातले तत्त्व पदवीधर ट्रेनीलाही लावा. १९४२ साली जे ठरवता आले, ते आज का ठरवता येऊ नये?

आणि तरुण मित्रांनो, कायदा येईपर्यंत थांबू नका. सेल्सच्या रस्त्यावर असाल तर तुमच्याकडे असलेले ज्ञान ओळखा. हिंदुस्थान लिव्हर १९७६ पासून उत्तर प्रदेशातल्या एटा जिल्ह्यात काम करत होती आणि ग्राहक समजावा म्हणून आपल्या ट्रेनींना काही आठवडे तिथल्या खेड्यांत राहायला पाठवत होती. तुम्ही ते खेडे जन्मापासून जाणता, तेही गावकुसाच्या अलीकडून आणि पलीकडून. त्याचे टिपण करा, आकडे मांडा, अहवाल लिहा, इंग्रजीवर हुकूमत मिळवा. ट्रेनीच्या जागेला अर्ज करताना आडनाव लपवू नका. आणि आत गेलात की मागून येणाऱ्याला मुलाखतीची तयारी करून द्या. शाखा-शाखांमधून असे मार्गदर्शन गट उभे राहिले पाहिजेत.

बडोद्याच्या कचेरीत एकटा शिकाऊ अधिकारी होता म्हणून त्याला बाहेर काढता आले. एकेकट्याने जाण्याचे दिवस आता संपवायला हवेत.

जय भीम! जय संविधान!