स्वतंत्र म्हणजे कोणापासून? ‘द फेस’ मासिकाची गोष्ट

आज ज्या मासिकाबद्दल बोलायचं आहे, त्याचं नाव ‘द फेस’. मे १९८० मध्ये लंडनमध्ये त्याचा पहिला अंक निघाला. संगीत, कपडे, सिनेमा, रात्रीचे क्लब आणि तिथली तरुण पोरं, असा त्याचा पसारा. त्याला ‘स्वतंत्र मासिक’ म्हणतात. पण स्वतंत्र म्हणजे कोणापासून?

आपल्याकडे स्वतंत्र मासिक म्हटलं की साठच्या दशकातली अनियतकालिकं आठवतात. सायक्लोस्टाइल केलेली पानं, मोजक्या प्रती, प्रस्थापितांशी भांडण आणि बाजाराकडे पाठ. ‘द फेस’चं तसं नव्हतं. त्याला बाजार हवा होता, गुळगुळीत कागद हवा होता, स्टॉलवर मोठ्या मासिकांच्या शेजारी जागा हवी होती. नको होता तो फक्त डोक्यावर बसलेला मालक. हा फरक लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्याभोवती फिरते.

हे मासिक काढणारा निक लोगन काही नवखा नव्हता. ‘न्यू म्युझिकल एक्सप्रेस’ या साप्ताहिकाचा तो १९७३ ते १९७८ संपादक होता. मग त्याने एमॅप या कंपनीसाठी ‘स्मॅश हिट्स’ सुरू केलं. किशोरवयीन मुलांसाठी गाण्यांचे शब्द आणि रंगीत फोटो. ते धो धो खपलं. तेव्हा लोगनने कंपनीपुढे नवी कल्पना मांडली: संगीताचं मासिक, पण चांगल्या कागदावर, मोठ्या फोटोंचं. कंपनी नाही म्हणाली.

का नाही म्हणाली, तेही समजून घेऊ. त्या काळी ब्रिटनमधली संगीत साप्ताहिकं वर्तमानपत्री कागदावर निघायची. वाचून झालं की बोटं काळी. त्यांच्या लेखी संगीत हा गंभीर विषय आणि कपडे हा उथळ. फॅशनची मासिकं दुसऱ्या टोकाला, पैसेवाल्या बायकांसाठी. पण १९७६-७७ च्या पंकने ही भिंत आधीच पाडली होती. कोण कुठलं गाणं ऐकतो हे त्याच्या जॅकेटवरून, केसांवरून कळत होतं. हा वाचक जिवंत होता, फक्त प्रकाशकाच्या हिशेबात त्याचा रकाना नव्हता.

लोगनने मग घरातली शिल्लक काढली, सुमारे ३,५०० पौंड. पत्नी ज्युलीही सोबत होती. वॅगडॉन नावाची स्वतःची कंपनी काढली. पहिल्या मुखपृष्ठावर होता ‘द स्पेशल्स’चा जेरी डॅमर्स.

मालक नसल्याने काय झालं? पहिलं म्हणजे, ज्यांना कुणी काम दिलं नसतं त्यांना पानं मिळाली. पैसे फार मिळायचे नाहीत हो, पण अडवायला कुणी नव्हतं. नेव्हिल ब्रॉडी १९८१ पासून मांडणी पाहू लागला. संगणक नव्हता. तो मथळ्यांची अक्षरं हाताने रेखाटायचा. काही वर्षांत त्या अक्षरांची नक्कल जाहिरातींत इतकी झाली, की १९८६ मध्ये लोगनने ‘अरेना’ काढलं तेव्हा ब्रॉडीने मुद्दाम साधं हेल्वेटिका वापरलं.

मार्च १९८५ चा अंक बघा. मुखपृष्ठावर एक शाळकरी मुलगा, डोक्यावर हॅट, हॅटला वर्तमानपत्राचं कात्रण खोचलेलं, त्यावर शब्द ‘किलर’. नजर थेट तुमच्यावर. कपडे निवडले रे पेट्रीने, फोटो जेमी मॉर्गनचा. पेट्री लष्करी जॅकेट, खेळाचे कपडे, झगे असं सगळं एकत्र घालायचा आणि त्यासाठी गोरे, काळे, मिश्र वंशाचे चेहरे निवडायचा. बड्या मासिकांत हे चेहरे तेव्हा अभावानेच दिसायचे. पेट्री १९८९ मध्ये एड्सने गेला.

आणि जुलै १९९०: समुद्रकिनाऱ्यावर नाक मुरडून हसणारी सोळा वर्षांची केट मॉस, फोटो कोरिन डेचा. मेकअप जवळजवळ नाहीच. पुढच्या दशकाच्या फॅशनची दिशा तिथे दिसते.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. १९९१ मध्ये मासिकाने गायक-नट जेसन डोनोवनबद्दल मजकूर छापला. तो समलिंगी असून लोकांशी खोटं बोलतो, असं त्यातून सूचित होतं, असं म्हणत त्याने अब्रुनुकसानीचा दावा लावला. १९९२ मध्ये तो जिंकला. भरपाई २ लाख पौंड, वर कोर्टाचा खर्च. एवढ्याशा कंपनीचं कंबरडंच मोडायची वेळ. तेव्हा वाचकांना मदतीची हाक दिली गेली. लोकांनी पैसे पाठवले. डोनोवननेही पुढे सवलत दिली आणि मासिक तगलं. इथे दोन गोष्टी एकदम खऱ्या आहेत. चूक मासिकाच्या पानावर झाली होती, आणि ते बंद पडू नये असं हजारो लोकांना वाटत होतं. छापलेलं निस्तरावं लागतं. मोठ्या घराण्यात ते वकिलांचं खातं निस्तरतं, इथे संपादकाच्या घरापर्यंत येतं.

हे ओझं माणूस किती वर्षं वाहणार? आधीच कॉन्दे नास्टने वॅगडॉनमध्ये काही हिस्सा घेतला होता. १९९९ मध्ये लोगनने कंपनी विकून टाकली. कोणाला? एमॅपला! ज्यांनी वीस वर्षांपूर्वी नकार दिला, त्यांनाच. आणि २००४ मध्ये खप घसरला म्हणून एमॅपने ‘द फेस’ बंद केलं.

आपण याला शोकांतिका म्हणायची का? मी म्हणणार नाही. लोगनने मासिक वीस वर्षं चालवलं, आणि विकायचा निर्णयही त्याचाच होता. पण पाहा, १९९२ मध्ये मासिक बुडत होतं तेव्हा तोटा सोसायला एक माणूस आणि त्याचे वाचक उभे राहिले. २००४ मध्ये ताळेबंदातली ती एक ओळ होती, आणि ओळ खोडायला कुणाला विचारावं लागत नाही.

नाव २०१९ मध्ये नव्या मालकांकडे परत सुरू झालं. २०२५ मध्ये लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत त्यातल्या फोटोंचं प्रदर्शन भरलं. तुमच्यापैकी कुणी अंक काढत असेल, किंवा काढायच्या विचारात असेल, तर कागद, छपाई, मांडणी हे सगळं नंतर ठरवा. आधी एवढं ठरवा, की पुढचा अंक निघेल की नाही हे सांगणारा माणूस कोण असणार आहे.

थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ या.