उतरत्या क्रमाने

माझ्या नोकरीतलं पहिलं तिकीट एका ओळीचं होतं : नोकऱ्यांची यादी आठवड्याच्या पगारानुसार लावा, उतरत्या क्रमाने. साल २०२१. आपल्याकडे दुसरी लाट नुकतीच ओसरत होती आणि मी पुण्यात घरी, आईच्या शिवणयंत्राच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून, अमेरिकेतल्या ट्रॅव्हल नर्सेसच्या एका ॲपवर काम करत होतो. ट्रॅव्हल नर्स म्हणजे एका हॉस्पिटलात साधारण तेरा आठवड्यांच्या करारावर काम करून पुढच्या गावाला जाणारी नर्स, एवढंच मला माहीत होतं. दोन तासांत कोड लिहिला, शुक्रवारी तो लाइव्ह गेला, मी विसरलो.

चार वर्षांनी ताईचा फोन आला. ताई म्हणजे माझी मावसबहीण. मिरजेला नर्सिंग केलं, सांगलीत नोकरी केली, मग दाजींच्या नोकरीमुळे ह्यूस्टनला गेली. तिथली परीक्षा दिली, टेक्सासचं लायसन्स काढलं, आयसीयूत कायम झाली. इकडे मावशीच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं आणि ताईला दोन महिने तिच्याजवळ राहायचं होतं. कायमच्या नोकरीत एवढी रजा मिळेना.

"तेरा आठवडे काम करायचं, मग सांगलीला यायचं, परत आल्यावर दुसरा करार. करतात की इथल्या बायका असं. तू तेच ॲप बनवतोस ना? मग सांग, कुठली एजन्सी घेऊ?"

मी ॲप उघडलं. सॅन अँटोनियोच्या एका हॉस्पिटलातली आयसीयूची रात्रपाळी पाच एजन्सींच्या नावाने पाच वेळा दिसत होती, पाच वेगळ्या पगारांनी. सगळ्यात वर सगळ्यात मोठा आकडा. तो क्रम मी लावलेला होता, आणि सख्ख्यासारख्या बहिणीला त्यातलं कुठलं घे हे मला सांगता येईना. दोन दिवस दे म्हणालो आणि वाचायला बसलो. वाचता वाचता थेट १८७९ पर्यंत मागे गेलो.

अमेरिकेत नाइटिंगेल पद्धतीच्या पहिल्या नर्सिंग शाळा १८७३ साली सुरू झाल्या : न्यूयॉर्क, न्यू हेवन आणि बॉस्टनला. गंमत अशी, की शिकत असेपर्यंत हॉस्पिटलचे वॉर्ड या मुलीच चालवायच्या, पण शिकून झालं की हॉस्पिटलात त्यांना फारशी जागाच नसायची. नव्या विद्यार्थिनी स्वस्तात मिळत. मग या शिकलेल्या नर्सेस लोकांच्या घरी जाऊन रुग्ण सांभाळायच्या. घरात टायफॉइडचा रुग्ण आहे, रात्र झाली आहे, तर गावातली कुठली नर्स आज मोकळी आहे आणि ती भरवशाची आहे का, हे घरच्यांना कळणार कसं? बॉस्टनच्या वैद्यकीय ग्रंथालयाने १८७९ मध्ये यासाठी नर्सेसची नोंदवही उघडली. डॉक्टरांच्या लायब्ररीत, पुस्तकांच्या शेजारी, नर्सेसची यादी. आमच्या भाषेत सांगायचं तर हा पहिला डेटाबेस.

मग अशा नोंदवह्या, म्हणजे रजिस्ट्री, बऱ्याच निघाल्या. काही नर्सिंग शाळांच्या माजी विद्यार्थिनी चालवत, काही नर्सेसचे क्लब, आणि काही निव्वळ धंदा म्हणून चालवलेल्या, नर्सच्या कमाईत टक्का घेणाऱ्या. नर्स राहायची भाड्याच्या खोलीत आणि वाट बघायची बोलावण्याची. लंडनमध्ये तर १८९१ साली नर्सेसनी स्वतःची सहकारी संस्था काढली, दलालाच्या हातात जाणारा पैसा आपल्याकडे ठेवायला. आपल्या भागात सहकार म्हटलं की साखर कारखाना आठवतो, पण नर्सेसना ही कल्पना तेव्हाच सुचली होती.

या नोंदवह्यांबद्दल वाचताना एक गोष्ट माझ्यातल्या इंजिनियरला खटकत राहिली. नर्स कशी आहे याची सगळी माहिती गोळा व्हायची. ज्या घरी तिला पाठवायचं ते घर कसं आहे, याचा रकाना कुणी ठेवला होता असं माझ्या वाचनात आलं नाही.

१९२८ मध्ये मे आयर्स बर्जेस या बाईंचा एक मोठा अहवाल आला. शाळा भराभर नर्सेस तयार करताहेत आणि त्यातल्या बऱ्याच जणींना सलग काम मिळत नाही, असं त्यांनी आकड्यांनिशी मांडलं. पुढच्याच वर्षी मंदी आली. घरी नर्स ठेवायला लोकांकडे पैसे उरले नाहीत आणि हळूहळू नर्सेस पगारावर हॉस्पिटलात गेल्या. १९४६ च्या कायद्याने हॉस्पिटलं बांधायला सरकारी पैसा मिळाला, १९६५ मध्ये मेडिकेअर आलं, खाटा वाढल्या. आता नर्सेस कमी पडायला लागल्या.

ट्रॅव्हल नर्सिंगची जन्मकथा म्हणून १९७८ चा न्यू ऑर्लिन्सचा मार्डी ग्रा सांगितला जातो. कार्निव्हलला इतकी गर्दी, की हॉस्पिटलांनी बाहेरगावाहून नर्सेस बोलावल्या. असेलही. मला जास्त पटतं ते हवामानाचं गणित. थंडी पडली की उत्तरेतले म्हातारे लोक फ्लोरिडा-ॲरिझोनाला उतरतात, उन्हाळ्यात परत जातात. खाटा एका मोसमापुरत्या भरतात आणि वर्षभराची नर्स ठेवणं परवडत नाही. तेरा आठवडे म्हणजे बरोबर पाव वर्ष. उसाच्या टोळ्या हंगामाप्रमाणे जशा फिरतात, तसंच हे, फक्त विमानाने. त्याच १९७८ साली मॅसॅच्युसेट्समध्ये ट्रॅवकोअर नावाची कंपनी निघाली, १९८५ मध्ये सॅन डिएगोला अमेरिकन मोबाइल नर्सेस. त्यांची जाहिरात नर्सिंगच्या मासिकांच्या मागच्या पानांवर. फोन करा, रिक्रूटर बोलेल, घर आम्ही देऊ, तिकीट आम्ही काढू. दुसरी एजन्सी त्याच जागेला काय देते, हे समजायला दुसरा फोन करावा लागे, आणि घर-तिकीट-पगार अशी मोट बांधलेली असल्याने तुलना तरी कशाशी करणार?

लायसन्स हाही मोठा अडथळा होता, कारण ते एका राज्यापुरतं असतं. २००० साली काही राज्यांनी करार करून एकमेकांची लायसन्सं मानायला सुरुवात केली. आज अशी सुमारे चाळीस राज्यं आहेत. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क अजून बाहेर आहेत. टेक्सास पहिल्यापासून आत आहे. ताईला तर राज्यही सोडायचं नव्हतं.

मग पाच एजन्सी, एक जागा, हे कुठून आलं? हॉस्पिटलं आता प्रत्येक एजन्सीशी स्वतंत्र बोलत बसत नाहीत. मध्ये एक व्यवस्थापक कंपनी असते, तिचं सॉफ्टवेअर असतं. हॉस्पिटल त्यात जागा टाकतं, तासाला अमुक डॉलर देऊ म्हणून. याला बिल रेट म्हणतात. ती जागा एकाच वेळी अनेक एजन्सींना दिसते. बिल रेट बहुधा सगळ्यांना सारखाच. त्यातून एजन्सी विमा, कर, स्वतःचा खर्च आणि नफा काढते, उरलेलं नर्सला. म्हणजे पाच आकड्यांतला फरक हॉस्पिटलातून आलेला नसतो, तो एजन्सी स्वतःकडे किती ठेवते आणि पगाराची मांडणी कशी करते यातून येतो.

मांडणी हा शब्द महत्त्वाचा, कारण माझं सॉर्टिंग तिथेच फसलं होतं. ताईपुढे शेवटी दोन एजन्सी उरल्या. पहिली आठवड्याला २३०० डॉलर दाखवत होती, दुसरी २१५०. माझ्या कोडप्रमाणे पहिली वर. ताईने दोघींकडून पगाराची फोड लेखी मागवली. पहिलीत तासाला २२ डॉलर पगार, ३६ तासांचे ७९२, आणि बाकी १५०८ राहण्या-जेवण्याचा भत्ता. दुसरीत तासाला ३५, म्हणजे १२६०, आणि ८९० भत्ता. भत्त्यावर कर लागत नाही, म्हणून पहिली गोड वाटते. पण तो करमुक्त राहायला तुमचं कायमचं घर दुसरीकडे हवं, त्याचा खर्च तुम्ही खरोखर करत असायला हवा. ह्यूस्टनच्या घराचे हप्ते चालू होते म्हणून ताई त्यात बसली. शिवाय ओव्हरटाइम मोजायचा मूळ तासाच्या दरावर : पहिलीकडे तासाला ३३, दुसरीकडे साडेबावन्न. कॅलिफोर्नियातल्या नर्सेस याच मुद्द्यावर एका मोठ्या एजन्सीविरुद्ध कोर्टात गेल्या होत्या, आणि २०२१ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने म्हटलं, की कामाच्या तासांप्रमाणे कमी-जास्त होणारा भत्ता हा पगारच, तो ओव्हरटाइमच्या हिशोबात धरा.

आणि पहिलीत खात्रीचे तास नव्हते. रुग्ण कमी आहेत, आज येऊ नका, असं हॉस्पिटल म्हणालं की त्या पाळीचा पगार नाही आणि भत्ताही त्या प्रमाणात कापणार. तीन पाळ्यांतली एक गेली की २३०० चे जवळपास १५३३. दुसरीने ३६ तासांची हमी करारात लिहून दिली. यातलं काहीही माझ्या यादीत दिसत नव्हतं. तसे रकानेच नव्हते.

मावशीचा प्रश्न वेगळा होता : "एजन्सीला किती द्यायचे?" शेजारच्या मुलीने आखातात जायला एजंटाला लाखांत पैसे मोजले होते, ते तिच्या डोक्यात. अशा तक्रारींनंतरच २०१५ मध्ये आपल्या सरकारने आखातासारख्या देशांत जाणाऱ्या नर्सेसची भरती सरकारी संस्थांकडे वळवली. तिकडे ट्रॅव्हल नर्सने एजन्सीला एक डॉलरही द्यायचा नसतो. पण परदेशातून थेट भरती होऊन आलेल्यांची गोष्ट निराळी. ताईच्या वॉर्डातली एक फिलिपिनो सहकारी तिला म्हणाली, तुला निदान मधेच सोडता येईल. न्यूयॉर्कच्या काही नर्सिंग होममधल्या फिलिपिनो नर्सेसना करार सोडल्यास २५,००० डॉलर भरायची अट होती. २०१९ मध्ये तिथल्या फेडरल कोर्टाने ती अट बेकायदा ठरवली. त्याच मालकांकडच्या दहा नर्सेसनी २००६ मध्ये राजीनामे दिले, तेव्हा त्यांच्यावर चक्क फौजदारी खटला भरला होता. २००९ मध्ये वरच्या कोर्टाने तो थांबवला.

आता माझ्या वाट्याचं. २०२० च्या वसंतात न्यूयॉर्कसाठी आठवड्याला दहा हजार डॉलरच्या जाहिराती झळकल्या होत्या. मी आलो तेव्हाही आकडे चढेच होते आणि ॲपवर गर्दी होती. एखादी जागा भरली तरी ती यादीतून लगेच काढायची नाही, असा आमच्या क्लायंटचा नियम होता. मोठ्या आकड्यावर नर्स बोट ठेवते, फॉर्म भरते, नंबर देते. मग फोनवर रिक्रूटर सांगतो की ती जागा गेली, पण दुसरी आहे. याला आम्ही लीड म्हणायचो. तो फॉर्म मीच लिहिला होता. २०२२ मध्ये दर कोसळले, काही एजन्सींनी चालू करारातच पगार उतरवले, नर्सेसनी दावे लावले. माझ्या स्क्रीनवर तेव्हा फक्त आलेख खाली येताना दिसला होता.

ताईने दुसरी एजन्सी घेतली. तेरा आठवडे पुरे केले आणि सांगलीला आली. मावशी वॉकर घेऊन अंगणापर्यंत जायला लागली तेव्हा मी भेटायला गेलो. ताईने तिची वही दाखवली. दोनशे पानी, साधी, आडव्या रेघांची. अकरा एजन्सी, प्रत्येकीला अर्धं पान. एजन्सींना मिळणारं, २००४ पासूनचं जॉइंट कमिशनचं प्रमाणपत्र आहे का. विमा पहिल्या दिवसापासून का. करार मधेच मोडला तर कोण काय भरणार. आणि खाली तिच्या अक्षरात : "हो म्हणाला, लिहून दिलं नाही." "रात्री फोन उचलते." "हॉस्पिटलचं नाव सांगायच्या आधीच कागदपत्रं मागतो."

पुण्याला परत आल्यावर मी तिकीट टाकलं : यादीत तासाचा दर आणि खात्रीचे तास वेगळे दाखवा, पगाराचा उतरता क्रम डिफॉल्ट ठेवू नका. मॅनेजरने विचारलं, लीड कमी होतील का? होतील, म्हणालो. तिकीट अजून बॅकलॉगमध्ये आहे, सगळ्यात कमी प्राधान्याचं.

ताई जानेवारीत परत गेली. पुढचा करार तिने त्या एजन्सीकडून घेतला नाही. रात्री फोन उचलणारी रिक्रूटर तिथली नोकरी सोडून दुसऱ्या एजन्सीत गेली होती. ताई तिच्यामागे गेली.