नाणेघाटातील पाण्याची टाकी

नाणेघाटातील पाण्याची टाकी : ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुका व पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुका यांच्या हद्दीवर, नाणेघाटाच्या माथ्यालगत आणि चढणीच्या वाटेवर काळ्या पाषाणात खोदलेली सातवाहनकालीन जलस्थाने. कल्याणहून मुरबाडवरून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावर टोकावडे मागे पडल्यानंतर वैशाखरे हे गाव लागते. त्याच्या पुढे रस्ता सोडून जी पाऊलवाट रानातून डोंगराच्या पोटाला भिडते, तीच एके काळी सोपारा व कल्याण या बंदरांना जुन्नरशी आणि जुन्नरवरून प्रतिष्ठानाशी, म्हणजे पैठणाशी, जोडणारा राजमार्ग होती. चढण खडी आहे. जागोजाग फरसबंदीचे व खोदीव पायऱ्यांचे अवशेष दिसतात. माथ्यावर दोन्ही बाजूंच्या कड्यांमधील अरुंद खिंडीतून वाट एकदम देशावरच्या मोकळ्या पठारावर उतरते. घाटाच्या रक्षणासाठी जीवधन, चावंड, हडसर व शिवनेरी हे किल्ले उभे राहिले, यावरून या वाटेचे मोल उत्तरकालीन राज्यकर्त्यांनाही किती वाटत होते हे ध्यानात येते.

नाणेघाटाची कीर्ती मुख्यतः त्याच्या शैलगृहामुळे आहे. 1828 मध्ये विल्यम साइक्स याने या लेण्याकडे विद्वानांचे लक्ष वेधले आणि पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी त्यातील ब्राह्मी लेखांचा अभ्यास करून तेथील अंकचिन्हांवर जे विवेचन प्रसिद्ध केले, त्याने भारतीय अंकलेखनाच्या इतिहासाला नवी दिशा दिली. सातवाहन राणी नागनिकेचा मोठा लेख, त्यातील अश्वमेधादी यज्ञांची व गाई, घोडे, हत्ती, कार्षापण यांच्या दक्षिणेची वर्णने, आणि सिमुक, सातकर्णी इत्यादींच्या प्रतिमा, ज्यांच्या पायांपलीकडे आज फारसे काही उरलेले नाही, या सर्वांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु लेण्याच्या जवळच कड्यात खोदलेल्या टाक्यांकडे अभ्यासकाची दृष्टी बहुधा ओझरतीच जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते या स्थळाचा खरा प्राण ही टाकीच होत. कारण राजकुलाच्या प्रतिमा नसत्या तरी बैलांचे तांडे घाट चढले असते, पाणी नसते तर मात्र ते वैशाखऱ्याच्या पुढे सरकले नसते.

ही टाकी राजाज्ञेने झाली नाहीत, निदान सर्वच झाली नाहीत, याला तेथलेच लेख साक्षी आहेत. एका लेखात सोपाऱ्याच्या गोविंददासाने टाके, त्या काळच्या भाषेत 'पोढि', देयधर्म म्हणून दिल्याची नोंद आहे. वासिष्ठीपुत्र चतरपन सातकर्णी याच्या तेराव्या राज्यवर्षातील दुसऱ्या एका लेखातही टाक्याच्याच दानाचा उल्लेख येतो. सोपारा म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातील नालासोपारा. समुद्रकाठच्या बंदरातील माणसाने आपल्या घरापासून इतक्या दूर, डोंगराच्या माथ्यावर, परक्या वाटसरूंसाठी पाणी साठविण्याची सोय करावी, ही गोष्ट कोणत्याही यज्ञवर्णनाइतकीच आदराने वाचली पाहिजे. दात्याने स्वतःविषयी नाव व गाव यांपलीकडे काहीही कोरलेले नाही.

टाक्यांची रचना साधी, पण विचारपूर्वक केलेली आहे. सह्याद्रीवर पाऊस अपरंपार पडतो खरा. तथापि तो चार महिन्यांत सरतो आणि घाटमाथ्यावरचे ओहोळ कार्तिक-मार्गशीर्षापासूनच आटू लागतात. आल्प्स पर्वतातील खेड्यांमध्ये लार्च वृक्षाचा सबंध बुंधा पोखरून, त्यात लाकडी पन्हळीने झऱ्याचे पाणी खेळवून माणसांची व गुरांची तहान भागविण्याची जुनी रीत आहे. तेथे झरा बारमाही वाहतो, म्हणून ओंडक्याचे उथळ पात्र पुरते. मुरबाडच्या खेड्यांत विहिरीशेजारी गुरांसाठी जी डोण असते तिचे कामही असेच आहे. घाटमाथ्यावर मात्र पाणी वाहते ठेवण्याचा प्रश्न नव्हता, आठ महिने राखून ठेवण्याचा होता. आणि त्याला अखंड पाषाणाच्या पोटात खोल खोदण्यावाचून दुसरा उपाय नव्हता. कड्याच्या आत शिरलेल्या टाक्यावर खडकाचेच छत राहते, ऊन आत पोहोचत नाही, पाण्याची वाफ कमी होते. काळा पाषाण घट्ट असला म्हणजे पाझरही फार होत नाही. जेथे त्यात भेगा असतात तेथे उलट डोंगरात मुरलेले पाणी आत झिरपून टाक्यास भर घालते. खोदणाऱ्यास खडकाची पारख असल्यावाचून हे साधत नाही.

खिंडीच्या तोंडाशी दगडात घडविलेला एक भव्य रांजण आहे. त्यात घाटाची जकात म्हणून नाणी टाकीत, अशी लोकसमजूत असून घाटाच्या नावाशीही तिची सांगड घालतात. जवळच्या टाक्यांची संगत पाहता तो वाटसरूंच्या पाण्यासाठीच असावा असे मानण्यासही जागा आहे.

माळशेज घाटातून पक्का रस्ता झाल्यावर नाणेघाटाची व्यापारी वहिवाट संपली. शहापूर व मुरबाड या तालुक्यांच्या डोंगराळ भागातील गावपाड्यांना मात्र चैत्र-वैशाखात पाण्याचा तुटवडा आजही सोसावा लागतो, आणि तोही तानसा व भातसा यांसारखे मुंबईची तहान भागविणारे जलाशय शहापूर तालुक्यातच असताना. तानसाचे धरण तर 1892 पासून मुंबईला पाणी देत आहे. या पार्श्वभूमीवर घाटमाथ्याच्या टाक्यांत साठणारे पाणी ही केवळ पुरातत्त्वाची बाब मानता येत नाही. ही टाकी पाहावयास जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, की पावसाळ्यात कोकणातून येणारी चढण शेवाळामुळे निसरडी होते. त्या ऋतूत जुन्नरकडून घाटघरमार्गे माथ्यावर येणे सोयीचे पडते. टाक्यांतील गाळ पावसाळ्यापूर्वी काढावा लागतो. प्रवाशांनी त्यांत उतरू नये, कपडे व भांडी धुऊ नयेत आणि पाणी भांड्यानेच वर काढून घ्यावे.