बॅरिस्टरीचीं जेवणें

१८८८ च्या नोव्हेंबरांत गांधीजी लंडनच्या 'इनर टेंपल'मध्यें दाखल झाले, तेव्हां बॅरिस्टरीला परीक्षांबरोबर जेवणांचीही अट होती. बारा सत्रें, म्हणजे सुमारें तीन वर्षें, आणि दर सत्रांत निदान सहा वेळां भोजनगृहांत हजेरी! जेवलेंच पाहिजे असें नाहीं. ठरल्या वेळीं येऊन शेवटपर्यंत बसलें म्हणजे झालें.

मूळ हेतु चांगला होता. पूर्वीं विद्यार्थी थोडे असत. ते वडीलधाऱ्या बेंचरांच्या सहवासांत जेवीत, त्यांचें बोलणें ऐकत, आणि सभ्य वागणुकीचें व भाषणाचें वळण त्यांस तेथेंच लागे. पुढें बेंचरांचें मेज निराळें झालें. संस्कार गेला, पंगत उरली.

त्या पंगतींत या लाजाळू काठेवाडी तरुणाची छाप कशी पडावी? मांस नाहीं, मद्य नाहीं; बहुधा पाव, उकडलेले बटाटे व कोबी. परंतु चौघांमागें मद्याच्या दोन बाटल्या मिळत, आणि चौथा न पिणारा भेटला कीं तिघांची चंगळ! त्यामुळें त्यांस सगळीकडून आग्रहाचें बोलावणें. अशा लोकप्रियतेनें धंद्याची तयारी ती काय होणार?

१० जून १८९१ रोजीं ते बॅरिस्टर झाले आणि १२ तारखेस स्वदेशीं निघाले. मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टांत पहिल्याच खटल्यांत उलटतपासणीस उभे राहिले, तों तोंडून शब्द फुटेना. तीस रुपये फी परत घेऊन पटेल वकिलांकडे जा, असें त्यांनीं सांगितलें. पटेलांनीं एकावन्न रुपये घेतले; त्यांस तें काम म्हणजे पोरखेळ होता.