सुंठीचा डबा

आमच्या कोरेगाव भागात आता आल्याचं पीक बरंच आहे. अक्षय्य तृतीयेच्या आगंमागं गादीवाफ्यावर लागण करायची, आणि व्यापारी ५०० किलोच्या गाडीवर दर बोलणार. माझ्या लहानपणी आमच्या घरी आलं पिकत नव्हतं. ओलं आलं बाजारातनं क्वचित यायचं. घरात कायम असायची ती सुंठ. आजीचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात सुंठ, मिरी, ओवा, दोन-चार लवंगा. वेलदोडे मात्र वेगळ्या पुरचुंडीत, पाव्हण्यारावळ्यासाठी.

या डब्याची आणि चहाची गाठ फार उशिरा पडली. इंग्रजांनी आसामात मळे लावले ते १८३० नंतर, पण माल जायचा विलायतेला. आपल्या माणसाला चटक लागावी म्हणून मळेवाल्यांनी १९३० नंतर मोठी मोहीम काढली. बाजारात फुकट चहा पाजायचा, स्टेशनावर पाट्या लावून करायची रीत शिकवायची. त्या रीतीत मसाला नव्हता. उलट फेरीवाले मसाला टाकून पत्ती वाचवतात, म्हणून त्यांना राग यायचा. पुढं यंत्रात चिरडून केलेली दाणेदार पत्ती आली. स्वस्त, कडक, आणि थोडक्यात भागणारी. ती खेड्यापाड्यात गेली.

आजीच्या हिशेबी मात्र सगळं उलटं होतं. तिच्या घरी काढा आधीपासून होता, पत्ती त्यात मागनं पडली. गुळाचा च्या उकळायला लागला की ती चुलीपाशी येऊन बघायची. "आगं, पोरास्नी नुसता च्या नगं दिऊ, पित्त हुतं. सुंठ घाल." सर्दीला सुंठ-गूळ, पोट फुगलं की ओवा, दाढ ठणकली की लवंग. अंगात कणकण असली तर गवती चहाची पात उकळून प्यायची आणि घोंगडं घेऊन घाम काढायचा. बाळंतिणीला तर सुंठीशिवाय सुटका नाही. सुंठ, मिरी आणि पिंपळी या तिघींना वैद्य त्रिकटू म्हणतात, आणि एकट्या सुंठीला विश्वभेषज, म्हणजे सगळ्यावरचं औषध. आजीला हा शब्द ठाऊक नव्हता. वागायची मात्र त्याच हिशेबानं.

यातलं बरंच खरं आहे. आल्यानं मळमळ थांबते हे डॉक्टरही मानतात. गरम घोटानं घसा मोकळा होतो, हे मला कुणी सांगायला नको.

१९७२ च्या दुष्काळात आप्पा खडी फोडायच्या कामावर होते. दूध नव्हतंच. कोरा चहा, त्यात सुंठेचा चुरा, तो पिऊन दुपारची भूक मारायची. त्या हिवाळ्यात आप्पांना खोकला लागला. खडीची धूळ बसली असंल म्हणून आजीनं डबा उघडला. सुंठ, मिरी, परसातला अडुळसा, वर गूळ. रोज दोन वेळा. दोन घोट पोटात गेले की खोकला दबायचा, आणि आम्हाला वाटायचं उतार पडला. असे चार महिने गेले. आप्पांची बंडी अंगावर लोंबायला लागली. एक दिवस थुंकीत रक्त दिसलं तेव्हा मामांनी त्यांना एसटीत घालून तालुक्याला नेलं. क्षय निघाला.

मग सुया सुरू झाल्या, गोळ्या सुरू झाल्या. वर्षावर औषध चाललं. डॉक्टरांनी कपबशी वेगळी ठेवायला सांगितली. ती कोनाड्यात असायची. आप्पा बरे झाले. पण आजी त्या काळात मला एकदाच म्हणाली, "माज्या सुंठीनं उशीर केला रं." सुंठीवाचून खोकला गेला ही म्हण गावात कुणी बोललं तरी ती उठून आत जायची.

डबा तिनं टाकला नाही. ओवा, लवंग, सगळं चालूच होतं. फक्त आठ दिवसांवर कुणाचा खोकला राहिला की ती म्हणायची, "आता तालुक्याला जावा." शेजारपाजारच्या बाया काढ्यासाठी सुंठ मागायला आल्या तरी आधी विचारायची, किती दिस झालं.

औषध संपलं, डॉक्टरांनी मोकळं केलं, तरी आप्पांची कपबशी कोनाड्यातच होती. कुणालाच ती खाली घ्यायचं सुचेना. पुढं एका सकाळी आजीनं ती काढली, राखेनं घासली, सुंठ घातलेला च्या तीत ओतला आणि आप्पांच्या पुढ्यात ठेवायच्या आधी बशीत ओतून स्वतः दोन घोट प्याली.