तळटीप : बर्म्युडाच्या फिती
* हायड्रोफोनमधल्या सिरॅमिकच्या तुकड्यावर ध्वनिलहरींचा दाब पडला की वीज निर्माण होते. ती केबलमधून वर येते आणि फितीवर उतरते. अशाच हायड्रोफोनने फ्रँक वॉटलिंग्टन बर्म्युडाजवळ अमेरिकी नौदलासाठी पाण्याखालचे आवाज टिपत. हंपबॅक देवमासे त्यात आपसूक सापडले. शिकारी या ध्वनिमुद्रणाचा फायदा घेतील या धास्तीने वॉटलिंग्टन यांनी फितींचा फारसा गवगवा केला नाही. रॉजर व केटी पेन या दांपत्याला मात्र त्या ऐकवल्या. हे आवाज म्हणजे नुसते हंबरणे नव्हे. सात ते तीस मिनिटांचा एकच क्रम देवमासा पुन्हापुन्हा, जवळपास जसाच्या तसा म्हणतो, हे रॉजर पेन व स्कॉट मॅकव्हे यांनी १९७१ मध्ये ‘सायन्स’मध्ये दाखवले. लेखकाने उल्लेखिलेली हंपबॅकच्या आवाजांची ध्वनिमुद्रिका त्याआधीची, १९७० ची. तीत वॉटलिंग्टन यांचेही ध्वनिमुद्रण आहे. — संपा.